सोंगाड्याचा वारसदार

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा इतिहास सांगायला घेतला की काही नावं आपोआप पुढे येतात. बारामतीत मोरोपंत, इंदापुरात मालोजीराजांची गढी, १८७६-७८ च्या दुष्काळानंतर आलेला नीरेचा डावा कालवा, वालचंदनगर, सहकारी साखर कारखाने आणि त्यांच्या आधारानं उभं राहिलेलं राजकारण. यातल्या प्रत्येकावर लिहिलं गेलं आहे. पण याच मुलखात हजारो माणसांसमोर दिवस दिवस बोलणारा एक माणूस मात्र या लेखनात कुठे भेटत नाही. तो म्हणजे बैलगाडी शर्यतीच्या मैदानात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माईक हातात धरून उभा असलेला समालोचक. लाउडस्पीकर आला आणि त्याच्याबरोबर हाही आला, एवढीच त्याची दखल घेतली जाते. माझं म्हणणं असं की हा माणूस तमाशातल्या सोंगाड्याचा वारसदार आहे. विनोद आणि यमकं ही त्या वारशातली वरवरची मिळकत झाली. खरी मिळकत म्हणजे त्याची जागा: सगळ्या गावाचं मानधन घ्यायचं आणि कुणा एकाचं मिंधं व्हायचं नाही. त्याच्याभोवती पैजेचा पैसा फिरू लागल्यावर ही जागा टिकते का, हे बघायचं असेल तर आधी ती तयार कशी झाली हे बघावं लागतं.

सुरुवात जत्रेच्या हिशेबापासून करायला हवी. गुढीपाडवा झाला की चैत्र-वैशाखात या भागातल्या गावोगावच्या जत्रा सुरू होतात. यात्रा कमिटी घरटी वर्गणी काढते, मुंबई-पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांकडून पट्टी गोळा होते, आणि त्या एकाच थैलीतून सगळे खर्च निघतात. रात्री पालखी-छबिना आणि तमाशा, सकाळी तमाशाची हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा, आणि जिथे माळ मोकळा आहे तिथे बैलगाड्यांची शर्यत. तमाशाची सुपारी ठरवायला पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांचे कारभारी पाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला जातात. तिथे फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असतात. तारीख, रक्कम, प्रवासखर्च सगळं बसून ठरतं आणि कागदावर येतं. म्हणजे तमाशा, कुस्ती आणि शर्यत ही आज आपल्याला तीन वेगळी क्षेत्रं वाटत असली, तरी गावाच्या दृष्टीनं ती एकाच वर्गणीची, एकाच प्रेक्षकाची आणि एकाच दोन दिवसांची कामं होती. रात्री बटावणीच्या विनोदाला हसलेला माणूसच दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला उभा असायचा. त्याला कसं धरून ठेवायचं, हे ज्याला रात्री जमत होतं त्याचीच रीत दिवसाच्या मैदानात उतरली, यात नवल वाटायचं कारण नाही.

सोंगाड्याचं काम काय होतं, हे नीट बघितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. गण, गवळण, बटावणी, रंगबाजी आणि वग असा तमाशाचा क्रम. त्यातला वग बऱ्याच अंशी बांधलेला असे. राजा, प्रधान, शिपाई ठरलेले असत. सोंगाड्याचं बोलणं मात्र कागदावर नसे. गावाचं नाव, तिथल्या पाटलाची खोड, त्या वर्षी आटलेली विहीर, नुकतीच फुटलेली भावकी, हे सगळं तो जागेवर उचलायचा आणि वगाच्या राजाच्या दरबारात नेऊन बसवायचा. मावळातल्या इंदुरीचे दादू इंदुरीकर हे या कलेचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. त्यांचं ‘गाढवाचं लग्न’ गावच्या फडापासून शहराच्या नाट्यगृहापर्यंत गेलं, १९७३ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांना लेखक म्हणून कुणी मोजलं नाही. पण रोज रात्री नवं बोलणं जुळवणारा माणूस लेखक नाही तर कोण? सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळूंनी तर शिपायाच्या वेशातल्या दोघा भावांच्या बोलण्यावर पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्र हसवला. या सगळ्यांच्या विनोदाचं मर्म एकच होतं. ज्या गावानं सुपारी दिली त्याच गावाच्या पुढाऱ्याला टोमणा मारायची मुभा त्यांना होती, आणि गावही ती मुभा मान्य करत होतं.

यावर जाणकार लगेच म्हणतील की ही मुभा दिसते तेवढी मोठी नव्हती. फडावर दौलतजादा होत असे. पैसेवाला नोट काढायचा, फर्माईश करायचा, आणि त्याचं नाव घेऊन, त्याच्या सात पिढ्यांची स्तुती करून त्याला हवी ती लावणी म्हटली जायची. मग स्वातंत्र्य कुठे राहिलं? हा आक्षेप खरा आहे, आणि माझ्या मते सगळा मुद्दा त्याच्याच पोटात आहे. दौलतजादा करणाऱ्याला लावणी मिळायची, नाव मिळायचं, चारचौघांत मान मिळायचा. वगाचा शेवट बदलून मिळत नसे. राजाचा अन्याय उघडा पडायचा तिथेच पडायचा. पैशानं स्तुती विकत घेता येत होती, निकाल विकत घेता येत नव्हता. ही रेघ कुणी कायद्यात लिहिलेली नव्हती. तरी फडमालक, सोंगाड्या आणि प्रेक्षक तिघांनाही ती कळत होती, कारण ती पुसली तर दुसऱ्या दिवशी तमाशा बघायला माणूस उरला नसता.

आता मैदानात येऊ. पुणे जिल्ह्यात बैलांच्या शर्यतीचे दोन प्रकार आहेत आणि बाहेरचे लोक ते हमखास एकत्र करतात. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या उत्तरेकडच्या पट्ट्यात घाट असतो. गाडा चढावर पळतो, पुढे घोडी असते, गाड्यावर हाकणारा नसतो, आणि निकाल घड्याळाच्या सेकंदांवर ठरतो. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या खालच्या अंगाला सातारा-सांगलीची रीत चालते. सपाट माळावर चाकोऱ्या आखलेल्या असतात, हलक्या छकडीला दोन बैल, वर एक गाडीवान, आणि पाच-सात गाड्या एकाच वेळी सुटतात. चिठ्ठ्या टाकून गट पडतात, गटातला पहिला सेमीला, सेमीतला पहिला फायनलला. झेंडा पडला की धुरळ्यात काय झालं ते अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. म्हणजे एका दिवसाच्या मैदानात प्रत्यक्ष पळणं थोडा वेळ, आणि बाकीचा वेळ वाट बघणं. बैल बिथरतो, एखादी गाडी वेळेवर जुंपली जात नाही, निशाणाच्या रेषेवर वाद होतो, कॅमेऱ्यातलं चित्रण पुन्हा बघावं लागतं. एवढा वेळ उन्हात उभ्या असलेल्या गर्दीला जागेवर ठेवायचं काम समालोचकाचं.

तो हे कसं करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. गट पुकारताना तो आधी बैलाचं नाव घेतो, मग मालकाचं, मग गावाचं, शेवटी गाडीवानाचं. दोन वेगवेगळ्या मालकांचे बैल एका छकडीला जुंपले असतील तर त्या पैऱ्याची हकिकत सांगतो. कुणाचा बैल मागच्या मैदानात कुठे गुलालात, म्हणजे बक्षिसात, राहिला, कुणाचा आदत, म्हणजे कोवळा, खोंड आज पहिल्यांदाच पळतोय, हे त्याला पाठ असतं. मध्येच कुणी कडेनं कागदाचा तुकडा पुढे करतो. अमक्यांकडून विजेत्या गाडीवानाला अमुक रुपये. तो कागद वाचताना समालोचक देणाऱ्याचं नाव यमकात बसवतो आणि लगेच त्याच्याच पोटाच्या घेरावर एक फटका मारतो. गर्दी हसते, देणाराही हसतो, पाठोपाठ दुसरा कागद येतो. दौलतजादेची ही रीत जशीच्या तशी फडावरून मैदानावर आली आहे. फरक इतकाच की लावणीच्या जागी बैल आहे. रेषेजवळ घुसलेल्या पोरांना दटावणं, पंचांशी भांडणाऱ्या मालकाला चारचौघांत चिमटा काढून गप्प करणं, पडलेल्या गाडीवानासाठी गाडी बोलावणं, हेही त्याच आवाजात आणि त्याच लयीत चालू असतं. पळत्या गाड्यांचं वर्णन हा त्याच्या कामाचा सगळ्यात लहान भाग.

क्रीडापत्रकारितेच्या बाजूनं इथे दुसरा आक्षेप येतो. मराठी समालोचनाची परंपरा आकाशवाणीची आहे, तमाशाची नाही, असं म्हटलं जातं. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं, आणि बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीत करून खेळाच्या वर्णनाची एक घडीव, नेमकी भाषा रुजवली. हे ऋण कुणी नाकारू नये. कुस्तीच्या मैदानात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोथळीच्या शंकरराव पुजारींनी निवेदनाला स्वतंत्र कलेचा दर्जा मिळवून दिला. डाव, पट, पैलवानाची तालीम आणि वस्तादाचं नाव सांगत त्यांनी आखाड्याबाहेरच्या माणसालाही कुस्ती वाचायला शिकवली. पण रेडिओचा समालोचक समोर नसलेल्या माणसासाठी बोलतो. त्याला न दिसणारं दाखवायचं असतं. मैदानातल्या माणसासमोर मैदान उघडं आहे. त्याला दाखवायला फारसं काही नाही, त्याला धरून ठेवायचं आहे. ही दोन कामं मुळातच वेगळी आहेत. रेडिओनं मैदानाला काही शब्द आणि थोडी शिस्त दिली. गर्दीशी बोलायची, तिच्यातल्या बड्याला चिमटा काढायची आणि तरी त्याच्याकडूनच बक्षीस घ्यायची हातोटी फडाकडूनच आली. खुद्द मराठी सिनेमानं हे नातं फार आधी ओळखलं होतं. अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षं चालला; त्याच्या कथेतलं वैर बैलगाड्यांच्या शर्यतीतून पेटतं आणि त्याचा निवाडा तमाशाच्या फडावर होतो. प्रेक्षकांना ही जोडणी ओढूनताणून केलेली वाटली नाही, कारण जत्रेत ती ते दर वर्षी बघत होते.

या दोन तालुक्यांत शर्यतीला पैशाचं एवढं वजन का आलं, याचं उत्तर पाण्यात आहे. हा मूळचा अवर्षणाचा मुलूख. १८८० च्या दशकात भाटघर धरणाच्या पाण्यावर चालणारा नीरेचा डावा कालवा आला आणि कालव्याखालची जमीन बागायत झाली; वरची जिरायतच राहिली. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना उभा राहिला, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने आले. या सगळ्या वाढीत बैल होता. मोट त्याची, नांगर त्याचा, गाळपाला जाणारी उसाची गाडीही त्याचीच. माण, आटपाडीकडचा खिल्लार शेतकरी पारखून घ्यायचा तो कामासाठी. शर्यत ही त्या पारखीची वर्षातून एकदा होणारी जाहीर परीक्षा होती. पुढे विजेचे पंप आले, ट्रॅक्टर आले, आणि बैलाचं काम संपत गेलं. काम संपल्यावर बैल नाहीसा व्हायला हवा होता. कामाचा नाहीसा झालाही. पण शर्यतीचा बैल महाग होत गेला, इतका की त्याचे व्यवहार लाखांत होऊ लागले. २०२४ च्या जूनमध्ये बारामती तालुक्यातल्या निंबूतमध्ये शर्यतीच्या बैलाच्या व्यवहाराच्या पैशावरून वाद होऊन गोळी झाडली गेली आणि एका माणसाचा जीव गेला. पूर्वी बैलाची किंमत त्याच्या वर्षभराच्या कामावर बसायची; आता ती दर आठवड्याच्या निकालावर बसते. ज्याची किंमत निकालावर बसते त्याच्या निकालावर पैसे लावणारेही जमतात. मैदानाच्या कडेला पैजा चालतात हे त्या भागात सगळ्यांना माहीत असतं.

कायद्यानं या तिन्ही गोष्टींशी, म्हणजे तमाशाशी, पैजेशी आणि शर्यतीशी, कसा व्यवहार केला हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की बरंच उलगडतं. जुगाराबद्दलचा मुंबई इलाख्याचा कायदा १८८७ चा. तोच आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्यात घोड्यांच्या शर्यतीवर लावलेली पैज, ती परवाना असलेल्या रेसकोर्सच्या राखीव आवारात असेल तर, जुगारातून वगळलेली आहे. पुण्याच्या लष्करी भागातल्या रेसकोर्सवर पावसाळी हंगामात उघडपणे पैसे लागतात, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचंही मान्य केलं. बैलांना असं आवार मिळालं नाही. तमाशाची गत निराळी. १९४८ च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, पण संहिता आधी लिहून तपासून घ्यायची अट आली. ज्या कलेचा प्राण न लिहिलेल्या बोलण्यात होता तिला कागद दाखवायला लावला गेला. शर्यतीवरची बंदी त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी आली: जुलै २०११ मध्ये केंद्रानं बैलाचा समावेश प्रदर्शनाला मनाई असलेल्या प्राण्यांत केला, ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली.

बंदीच्या त्या वर्षांनी मैदानाचं रूप पालटलं, असं मला वाटतं. बंदीआधी शर्यत जत्रेची होती. परवानगीनंतर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, अनामत रक्कम, डॉक्टरांची तपासणी, चित्रीकरण हे सगळं आलं, आणि ते यायलाच हवं होतं. पण एवढा खर्च घरटी वर्गणीतून निघत नाही. त्यामुळे आयोजक बदलला. कमिटीच्या जागी वाढदिवस साजरा करणारे पुढारी आले, बक्षिसात मोटारसायकली आणि चारचाकी आल्या, मोबाईलवर थेट प्रक्षेपण आलं. समालोचकाच्या दृष्टीनं हा बदल साधा नाही. सगळ्या गावाची सुपारी घेणारा माणूस आता एका आयोजकाची सुपारी घेतो. आणि त्याचा आवाज आता फक्त माळावर ऐकू जात नाही. चाळीस कोसांवर हातात फोन घेऊन बसलेल्या, बैल कधीच न पाहिलेल्या माणसालाही तो ऐकू जातो. त्या माणसाला यमकं नको असतात. कुठला बैल आज चारा खात नव्हता, कुठला पैरा ऐनवेळी बदलला, एवढंच त्याला हवं असतं. समालोचकाकडे नेमकी हीच माहिती असते.

पैज तर आपल्याकडे पहिल्यापासून आहे, मग आत्ताच ओरड कशाला, असं विचारलं जातं. पैज होती हे खरं. पण ज्या पळण्यावर पैज नाही असं पळणंही याच मुलखात, याच माणसांनी जपलं आहे. आषाढी वारीला तुकोबांची पालखी बारामतीहून निघते तेव्हा काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. धनगर आपला कळप पालखीभोवती पळवतात. सणसरचा मुक्काम करून पालखी पुढे निघाली की बेलवाडीला पहिलं गोल रिंगण, आणि इंदापूरला आणखी एक. अश्व दौडतात, टाळकरी, विणेकरी, तुळशीवाल्या बाया धावतात, लोक घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. तिथेही हजारोंची गर्दी असते, धाप असते, धुरळा असतो, आणि श्वास रोखून बघणंही असतं. पहिला कोण आला हे मात्र कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात माळावर गाड्या बघणारा माणूस आषाढात याच रिंगणाच्या कडेला हात जोडून उभा असतो. म्हणजे पळण्याचा आनंद पैशाशिवाय उभाच राहत नाही, हे म्हणणं निदान या दोन तालुक्यांत तरी टिकत नाही. पैज शर्यतीला बाहेरून चिकटलेली आहे. ती काढली तर शर्यत मरेल, हे भय खोटं आहे.

गर्दीला हसवणारा माणूस पैजेच्या वाटेवर गेला की काय होतं, हे जगात दुसरीकडे पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानं बहुतेक राज्यांत खेळांवरची पैज रोखून धरली होती. १४ मे २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका क्रीडावाहिनीवर ‘लॉक इट इन’ नावाचा पैजेवरचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातला एक मुख्य चेहरा होता सॅल इयाकोनो. जिमी किमेलच्या रात्रीच्या विनोदी कार्यक्रमासाठी अनेक वर्षं लिहिणारा, कॅमेऱ्यासमोर खोड्या करणारा हा लेखक, प्रेक्षकांना ‘कझिन सॅल’ या नावानं परिचित. विनोदाचा लेखक पैजेचा भाष्यकार झाला, आणि हे स्थित्यंतर तिथे कुणाला खटकलं नाही, कारण दोन्हीकडे लागणारं अंग एकच होतं: हरणाऱ्यालाही हसवत जागेवर बसवून ठेवणं. वर्षभरातच ज्या वाहिनीवर तो कार्यक्रम होता तिच्याच घराण्यानं पैज घेण्याच्या धंद्यात भाग घेतला आणि पुढे कार्यक्रमाच्या नावातही त्या धंद्याचं नाव आलं. मला या माणसाच्या सचोटीबद्दल काहीच म्हणायचं नाही. पण जिथे बोलणाऱ्याचा पगार पैज घेणाऱ्याच्या तिजोरीशी जोडला जातो, तिथे त्याचा विनोद कुणाला चिमटा काढू शकतो आणि कुणाला नाही, हे आधीच ठरून जातं. इथेही लक्षणं दिसत होती. २००८ मध्ये मुंबईत सुरू झालेली ड्रीम इलेव्हन ही पैशाच्या ऑनलाइन खेळाची कंपनी २०२३ पर्यंत भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर पोहोचली. नट, खेळाडू, विनोदवीर अशा कंपन्यांच्या जाहिरातीत झळकले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा केला तेव्हा ती वाट कायद्यापुरती बंद झाली.

बंदी हा उपाय नव्हे, पैज कायदेशीर करा, कर घ्या आणि नियम लावा, असं म्हणणारे लोक अभ्यासू आहेत. लोढा समितीनं २०१६ मध्ये क्रिकेटपुरती तशी शिफारस केली होती, विधी आयोगानंही २०१८ च्या अहवालात नियमनाचा पर्याय मांडला. घोड्यांना एक न्याय आणि बैलांना दुसरा का, हा त्यांचा प्रश्न तर रास्तच आहे. १८८७ च्या कायद्यातली ती सवलत शहरी आणि श्रीमंत छंदाला मिळालेली सवलत आहे, यात मला शंका नाही. तरीही उत्तर म्हणून बैलांनाही रेसकोर्स द्या, असं मी म्हणणार नाही. रेसकोर्सवर पैसे घेणारी खिडकी वेगळी, निकाल देणारे पंच वेगळे आणि धावतं वर्णन करणारा वेगळा; ही फारकत तिथे दीर्घ काळानं आणि संस्थेच्या जोरावर झाली. आपल्या माळावर एकच माणूस गट पुकारतो, उशीर झालेल्या गाडीला थांबायचं की नाही यावर बोलतो, वादात पंचांच्या बाजूनं गर्दी वळवतो आणि बक्षिसाचे कागद वाचतो. त्याच्या एका वाक्यानं मैदान शांत होतं किंवा पेटतं. एवढी सत्ता ज्या आवाजात आहे तो आवाज पैजेच्या जवळ गेला तर निकालावर विश्वास ठेवायला जागाच राहत नाही, पैज कायदेशीर असो वा नसो. शर्यतच क्रूर आहे, ती मुळातच नको, असं मानणाऱ्यांशी माझा इथे वाद नाही; चाबूक, खिळा, विजेचा झटका यांवरची बंदी अक्षरशः पाळली गेली पाहिजे. पण त्यांनीही एक पाहावं. नियम मोडणाऱ्या गाडीवानाला सगळ्यांदेखत बोल लावू शकणारा मैदानातला पहिला माणूस समालोचकच असतो, आणि तो कुणाचा मिंधा नसेल तरच ते बोलेल.

म्हणून मला नारायणगावच्या जुन्या रीतीकडे परत जावंसं वाटतं. तिथे सुपारीचा कागद होतो: फड कुठला, गाव कुठलं, तारीख कुठली, रक्कम किती. दोन्हीकडच्यांना तो दाखवता येतो. समालोचकाच्या मानधनाचा असा कागद सहसा होत नाही. आयोजक खिशातून देतो, कडेनं बक्षिसं येतात, आणि बाकी कुठून काय येतं हे विचारायची पद्धत नाही. शर्यतीच्या परवानगीसाठी आज जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, अनामत आणि डॉक्टरांचा दाखला लागतोच. त्याच अर्जासोबत समालोचकाचं नाव आणि त्याच्या मानधनाचा करार जोडायला काय अडचण आहे? मैदानाचा जमाखर्च गावाच्या चावडीवर लावताना बक्षिसांच्या यादीखाली त्याचीही एक ओळ असावी, आणि आलेला प्रत्येक बक्षिसाचा कागद देणाऱ्याच्या नावानिशी तिथेच जमा व्हावा. कायदा बदलायची यात गरज नाही. बारामती-इंदापुरातल्या एखाद्या यात्रा कमिटीनं येत्या चैत्रात ठरवलं तरी हे होण्यासारखं आहे.